आर्ब्रोथच्या पत्राची खोटी वंशावळ

२० मार्च १९९८ रोजी अमेरिकेच्या सिनेटने एक ठराव मंजूर केला. ६ एप्रिल हा दिवस ‘टार्टन डे’ म्हणून पाळावा, असा तो ठराव. त्यात कारण दिले होते ते असे: १३२० साली याच तारखेला स्कॉटलंडमधील आर्ब्रोथ येथे स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला आणि अमेरिकेचा १७७६ चा जाहीरनामा त्याच नमुन्यावर बेतलेला आहे. ठराव बिनतक्रार मान्य झाला. तेव्हापासून हे विधान प्रवासी पुस्तिकांत, माहितीपटांत, भाषणांत आणि शाळकरी निबंधांत सुखाने नांदते आहे.

आर्ब्रोथ हे उत्तर समुद्रावरचे बंदर. डंडीहून ईशान्येला पंचवीस-एक किलोमीटर; वस्ती चोवीस हजारांच्या आतबाहेर. गावाच्या मधोमध लाल वालुकाश्माचा एक भग्न मठ उभा आहे. एवढ्याशा गावाला जगातल्या लोकशाहीचे आजोळ ठरवले गेले, तर तिथल्या माणसाने नाही का म्हणावे? पण या गावाबद्दल मला जी ओढ आहे, तीच मला गप्प बसू देत नाही. त्या पत्राला लावलेली ही वंशावळ खोटी आहे. तिच्यामुळे पत्राची प्रतिष्ठा वाढत तर नाहीच, उलट त्याचा खरा विषय आणि गावाचा खरा इतिहास दोन्ही झाकले जातात.

आधी पूर्वपक्ष मांडतो, आणि तो दुबळा करून मांडणार नाही.

रॉबर्ट ब्रूसच्या कारकिर्दीत स्कॉटलंडच्या सरदारांनी आव्हिन्यों येथे राहणाऱ्या बाविसाव्या जॉन या पोपला लॅटिन पत्र पाठवले. पत्राच्या मथळ्यात आठ अर्ल आणि एकतीस सरदार यांची नावे आहेत. शिवाय इतर भूधारक आणि ‘राज्याचा सगळा समुदाय’ यांच्या वतीनेही ते लिहिल्याचे म्हटले आहे. पत्र म्हणते की रॉबर्ट आमचा राजा झाला तो ईश्वरी योजनेने, वारसाहक्काने आणि आमच्या संमतीने. पण हाच राजा उद्या आम्हाला इंग्रजांच्या ताब्यात देऊ लागला, तर त्याला शत्रू समजून आम्ही हाकलू आणि दुसरा राजा करू. पुढे स्वातंत्र्याविषयीचे ते प्रसिद्ध वाक्य येते: आम्ही कीर्ती, संपत्ती किंवा मानमरातब यांसाठी लढत नाही, केवळ स्वातंत्र्यासाठी लढतो. पूर्वपक्षाचे म्हणणे असे की राजा प्रजेच्या संमतीने राजा असतो आणि प्रजा त्याला काढू शकते, हे युरोपात एखाद्या राष्ट्राच्या नावाने प्रथम इथे लिहिले गेले. एडवर्ड कॉवन यांच्यासारख्या जाणत्या इतिहासकाराने हा पक्ष हिरिरीने मांडला आहे. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याच्या जोडीला अमेरिकेच्या जाहीरनाम्यावर सही करणारे जॉन विदरस्पून आणि जेम्स विल्सन हे दोघे स्कॉटलंडात जन्मलेले. साखळी पुरी झाली.

आता एकेक कडी ओढून पाहू.

पहिली कडी ‘सही’ची. चित्रांत आणि नाट्यप्रयोगांत मठाच्या दालनात सरदार जमतात, राजा उभा राहतो, पिसाची लेखणी हातोहात फिरते. प्रत्यक्षात या कागदावर एकही सही नाही. शिक्के आहेत. चर्मपत्राच्या खालच्या कडेला चिरा पाडून पट्ट्या ओवलेल्या, आणि त्यांच्या टोकांना मेणाच्या चकत्या. मुळात त्या पन्नासच्या आसपास असाव्यात. आज एकोणीस उरल्या आहेत. काही नावे तर मजकुरात नाहीतच, फक्त या पट्ट्यांवर लिहिलेली आढळतात. म्हणजे मसुदा झाल्यावरही माणसे जोडली जात होती. ज्या भाषेत ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द रोजच्या वापरात आहे, त्या भाषेच्या वाचकाला सही आणि शिक्का यांतला भेद समजावण्याची गरज नसावी. सहीसाठी माणूस हजर लागतो. शिक्का पाठवता येतो, मागवता येतो, दुसऱ्याच्या हातूनही उठवता येतो. हे पन्नास सरदार ६ एप्रिलला आर्ब्रोथमध्ये होते याला काय पुरावा आहे? काहीच नाही. विचारविनिमय झाला असेल तर तो त्याआधी मार्चमध्ये, एडिनबराच्या दक्षिणेला न्यूबॅटल येथे भरलेल्या राजसभेत. आर्ब्रोथचे नाव आले ते एका सरळ कारणाने. मठाधिपती बर्नार्ड हाच राजाचा चान्सलर होता आणि राजाचा दफ्तरखाना त्याच्या हाती होता. पत्र जिथे लिहून तयार झाले, तिथली तारीख आणि तिथले नाव त्यावर पडले.

आणि जे आपण पाहतो ते पोपला गेलेले पत्र नव्हे. ते गेले आणि हरवले. उरली ती घरी ठेवलेली प्रत. ती सतराव्या शतकापासून टिनिंगहॅम येथे एका अर्लच्या वाड्यात पडून होती, १८२९ मध्ये सरकारी दफ्तरात परत आली, आणि दमट हवेने तिचा काही भाग खाल्ला. सुदैवाने त्याआधी तिचे कोरीव प्रतिचित्र काढलेले होते. त्यामुळे गाळलेले शब्द भरता येतात.

यावर कोणी म्हणेल, जागा आणि सही हे बारकावे झाले, मजकुराचे काय? बरोबर. मजकुराकडेच जाऊ.

राजाला हाकलण्याचे ते कलम कोणी लिहिले? राजाच्या चान्सलरच्या कचेरीने. त्याच सुमारास राजाचे स्वतःचे आणि धर्मगुरूंचेही पत्र पोपकडे गेले. तिन्ही एकाच हेतूने निघालेली. राजा आपल्याच दफ्तरातून आपल्या पदच्युतीची तरतूद लिहवून घेतो, तेव्हा ती तरतूद कोणावर रोखलेली असते? स्वतःवर?

ती रोखलेली होती बेलियल घराण्यावर. रॉबर्ट ब्रूस १३०६ मध्ये गादीवर आला तो डम्फ्रीसच्या चर्चमध्ये प्रतिस्पर्धी जॉन कॉमिनचा खून करून. रीतसर गादीवर बसवलेला राजा जॉन बेलियल तेव्हा जिवंत होता. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने त्याला १२९६ मध्ये पदावरून उतरवले होते, पण पोपच्या दृष्टीने त्याने काही हक्क सोडलेला नव्हता. मग ब्रूसचा हक्क सिद्ध कसा करायचा? एकच मार्ग उरतो. जो राजा राज्य परक्याच्या हाती देतो त्याला काढून दुसरा करण्याचा अधिकार समुदायाला आहे, असे म्हणायचे. बेलियलने राज्य दिले. म्हणून समुदायाने ब्रूसला केले. भविष्यकाळात लिहिलेले हे कलम भूतकाळाचा निवाडा आहे. माझ्या म्हणण्याला आधार हवा असेल तर १३०९ चा धर्मगुरूंचा जाहीरनामा पाहा. तिथे हाच युक्तिवाद, हाच नायक आणि हीच लोकांची संमती भूतकाळात सांगितलेली आहे. अकरा वर्षांनी काळ बदलला आणि शैली पालटली. वकील तोच.

आणि तो ‘सगळा समुदाय’? पत्राला चार महिने होत नाहीत तोच ऑगस्टमध्ये स्कून येथे राजद्रोहाचे खटले उभे राहिले. इतिहासात त्या सभेला ‘काळी पार्लमेंट’ म्हणतात. राजाला मारून दुसऱ्याला गादीवर बसवण्याचा कट होता. आरोपींत विल्यम सूल्स होता, ब्रेकिनचा डेव्हिड होता, रॉजर मोब्रे होता. तिघांची नावे एप्रिलच्या पत्रात आहेत. सूल्स डम्बार्टनच्या तुरुंगात गेला. कट ठाऊक असून बोलला नाही म्हणून डेव्हिडला मृत्युदंड झाला. मोब्रे आधीच मेला होता, तर त्याचे प्रेत न्यायासनापुढे आणले. एप्रिलमध्ये एकमुखाने बोलणारा समुदाय ऑगस्टमध्ये कुठे गेला? उत्तर कडू आहे. तो एकमुखी कधी नव्हताच. पत्रात दिसते ती एकी राजाला हवी होती, आणि पोपला दाखवायची होती.

आता ‘पहिले’ या शब्दाकडे. करारभंग करणारा राजा काढता येतो, हा विचार १३२० मध्ये जुना झाला होता. लाउटेनबाखच्या मानेगोल्ड नावाच्या धर्मपंडिताने अकराव्या शतकात लिहून ठेवले आहे की डुकरे राखायला ठेवलेला गुराखी नीट राखत नसेल तर त्याला काढतात. राजाचे तरी वेगळे काय? (उपमेत राजा आणि प्रजा दोघांचीही फजिती आहे, पण मुद्दा चोख.) १२१५ च्या मॅग्ना कार्टाच्या एकसष्टाव्या कलमाने पंचवीस सरदारांना राजाची मालमत्ता जप्त करण्याचा अधिकार दिला होता. सर्वांत जवळचा दाखला मात्र समुद्रापलीकडचा. १३१७ साली आयर्लंडच्या राजांच्या वतीने डॉनल ओ’नील याने पत्र पाठवले, तेही याच बाविसाव्या जॉन पोपला, आणि त्यात इंग्रजांच्या जुलमाचा पाढा वाचून आपण आपला राजा म्हणून ब्रूसचाच भाऊ एडवर्ड याला निवडल्याचे कळवले. तीन वर्षे आधी. त्याच दरबारात. त्याच शत्रूविरुद्ध. आर्ब्रोथच्या लेखनिकाला हा नमुना ठाऊक नसेल, असे मानायला फार भोळेपणा लागतो.

उरली अमेरिकेची कडी. इथे पूर्वपक्षाच्या वकिलांनी आपला सर्वांत चांगला साक्षीदार बोलावलाच नाही. न्याय म्हणून तो मीच उभा करतो. जेम्स बॉझवेल या स्कॉटिश लेखकाने १७६८ मध्ये कॉर्सिका बेटावर पुस्तक लिहिले, आणि त्याच्या शीर्षकपानावर आर्ब्रोथच्या पत्रातले स्वातंत्र्याचे ते लॅटिन वाक्य छापले. पुस्तक गाजले; अमेरिकेतल्या वसाहतींतही वाचले गेले. म्हणजे १७७६ च्या आठ वर्षे आधी पत्रातले शब्द चलनात होते. हा पुरावा खरा आहे, आणि मला तो मान्य आहे.

पण बॉझवेलने कोणते वाक्य निवडले? राजाला काढण्याचे नव्हे. संपत्ती नको, कीर्ती नको, स्वातंत्र्य हवे, हे. आणि ते वाक्य आर्ब्रोथचे नाहीच. रोमन इतिहासकार सॅलस्टने कॅटिलिनाच्या बंडावर जे पुस्तक लिहिले, त्यात बंडखोरांच्या तोंडी हा विचार जवळजवळ याच शब्दांत आहे. मठात लॅटिन शिकलेल्या लेखनिकाने तो उचलला, ईसवी सनापूर्वीची उधारी. मग अमेरिकेच्या नेत्यांना जे वाक्य मिळाले ते सॅलस्टचे म्हणायचे की आर्ब्रोथचे? सॅलस्ट तर त्यांच्यापैकी कित्येकांनी शाळेत घोकला असणार.

अमेरिकेच्या जाहीरनाम्याचा मसुदा लिहिणाऱ्या जेफर्सनची साक्ष याहून स्पष्ट आहे. १८२५ मध्ये एका पत्रात त्याने जाहीरनाम्यामागच्या विचारांची कुळे सांगितली: ॲरिस्टॉटल, सिसेरो, लॉक, सिडनी. आर्ब्रोथ नाही. जॉर्ज मेसनने लिहिलेला व्हर्जिनियाचा हक्कनामा १७७६ च्या जूनमध्ये मंजूर झाला होता. जेफर्सनच्या मसुद्याशी त्याचे साम्य शब्दाशब्दाला दिसते. घाटच शोधायचा असेल, राजाच्या अपराधांची यादी आणि शेवटी ‘म्हणून आम्ही त्याला सोडतो’ असा, तर १५८१ चा डच प्रांतांचा स्पेनच्या राजा फिलिपविरुद्धचा ठराव कितीतरी जवळचा. विदरस्पून आणि विल्सन स्कॉटलंडात जन्मले, हे खरे. जन्मस्थान हा पुरावा होत असेल, तर त्या दोघांच्या प्रत्येक मताला एक मठ शोधावा लागेल.

मग या पत्राला हा अर्थ चिकटला कधी? शतकानुशतके ते हस्तलिखित इतिहासांत पडून होते. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते छापले गेले, आणि त्याचा इंग्रजी तर्जुमा निघाला १६८९ मध्ये. ते साल पाहा. सातव्या जेम्सला गादीवरून घालवून नवा राजा आणण्याचे ते साल. ज्यांना राजा काढायचा होता त्यांना राजा काढण्याचे जुने कलम सापडले. त्यांनी कागदाचा उपयोग केला. त्यात गैर काही नाही. शब्द लिहिणाऱ्याच्या हातून सुटले की त्यांना नवे धनी मिळतात. पण १६८९ चा वापर हा १३२० चा हेतू म्हणून सांगणे, ही इतिहासकाराची चूक आहे. विसाव्या शतकात या पत्राला ‘जाहीरनामा’ हे नाव रूढ झाले, तिथे तर ते पत्र होते हेच विसरले गेले.

इथे एक विषयांतर. आर्ब्रोथची ‘स्मोकी’ प्रसिद्ध आहे: हॅडक मासा, शेपटाशी जोडीने बांधून लाकडी धुरावर शिजवलेला. २००४ मध्ये तिला युरोपीय कायद्याने भौगोलिक नाव मिळाले. गावापासून आठ किलोमीटरांच्या आत, ठरल्या रीतीने केलेलीच स्मोकी खरी. एरवी ते नाव लावायचे नाही. आणि गंमत म्हणजे तिचे मूळ आर्ब्रोथचेही नाही. शेजारच्या ऑखमिथी या कोळीवाड्यातले लोक ती घेऊन गावात आले. माशाच्या वंशावळीबाबत इतकी दक्षता, आणि कागदाच्या वंशावळीबाबत काहीही चालते!

खंडन झाले. आता मंडन. कारण हे पत्र थोर आहे, असे माझेही मत आहे. फक्त त्याचे पूर्वज पुढच्या काळात शोधून मिळत नाहीत. ते मागे आहेत, त्याच मठाच्या दगडांत.

मठ स्थापन झाला ११७८ मध्ये. संस्थापक राजा विल्यम. त्याला पुढे ‘सिंह’ म्हणू लागले. त्याने मठ अर्पण केला तो थॉमस बेकेट या संताला. बेकेट म्हणजे कँटरबरीचा आर्चबिशप. इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याच्या सरदारांनी ११७० मध्ये त्याला चर्चमध्येच मारले होते. इंग्रज संताचा मठ स्कॉटलंडच्या राजाने का बांधावा? तारखा बोलतात. १२ जुलै ११७४ रोजी हेन्रीने बेकेटच्या कबरीपाशी जाऊन प्रायश्चित्त घेतले. दुसऱ्याच दिवशी, १३ जुलैला, ॲल्निक येथे विल्यम इंग्रजांच्या हाती सापडला. संताने हेन्रीला क्षमा केली आणि त्याची खूण म्हणून शत्रू पकडून दिला, असे तेव्हा बोलले गेले. डिसेंबरमध्ये फालेझच्या तहाने विल्यमला हेन्रीचे मांडलिकत्व पत्करावे लागले. आणि चार वर्षांनी तो मांडलिक राजा, ज्या संताला हेन्रीच्या माणसांनी मारले, त्याच्या नावाने आपल्या किनाऱ्यावर भव्य मठ उभारतो. याला केवळ भक्ती म्हणायचे? माझ्या मते ती जाहीर वाच्यता आहे, फक्त दगडात केलेली. दरबारात तेव्हा ती बोलायची सोय नव्हती.

११८९ मध्ये इंग्लंडचा राजा रिचर्ड याला धर्मयुद्धासाठी पैसा हवा होता. विल्यमने दहा हजार मार्क मोजून फालेझचे मांडलिकत्व विकत सोडवले. १२१४ मध्ये तो वारला तेव्हा त्याला पुरले आर्ब्रोथच्या मुख्य वेदीपुढे. मांडलिकत्वाच्या प्रश्नातून जन्मलेला हा मठ. त्याचा संस्थापक त्या प्रश्नासाठी रोख रक्कम मोजलेला. एकशे बेचाळीस वर्षांनी त्याच मठातून पोपला पत्र जाते, आणि त्याचा विषय काय? स्कॉटलंडचे राज्य इंग्लंडचे मांडलिक नाही. सिथियातून निघून हर्क्युलिसच्या खांबांवरून स्पेनमार्गे आलेले स्कॉट लोक, एकशे तेरा राजांची अखंड परंपरा, संत अँड्र्यूचा आशीर्वाद, हे सगळे पुराण तिथे आहे ते याच एका मुद्द्यासाठी. (पहिल्या एडवर्डनेही १३०१ मध्ये पोपला ट्रॉयच्या ब्रूटसची कथा सांगून ब्रिटनवर हक्क सांगितला होता. पुराणाला पुराणाने उत्तर, हा तेव्हाचा कायदेशीर व्यवहार.) पत्रात ‘स्वातंत्र्य’ म्हणजे एका राज्याचे दुसऱ्या राज्यापासूनचे स्वातंत्र्य. प्रजेचे राजापासूनचे नव्हे. त्या काळी हे म्हणायला कमी धैर्य लागत होते का? राजा बहिष्कृत, पोप नाराज, शत्रू कितीतरी श्रीमंत. आणि हे लोक लॅटिनच्या उत्तम गद्यात पोपलाच बजावतात की तुम्ही इंग्रजांच्या थापांवर विश्वास ठेवून आमच्यावर अन्याय केलात, तर सांडणाऱ्या रक्ताचा हिशेब देव तुमच्या नावे मांडील. यात अमेरिकेची भर घातल्याने काय वाढणार आहे?

१७७३ मध्ये इंग्रज लेखक डॉक्टर जॉन्सन बॉझवेलला घेऊन या मठाचे अवशेष पाहायला आला. बॉझवेल एका उंच खिडकीतून आत चढला. आतला जिना तुटलेला होता. जॉन्सनने पुढे लिहिले की या प्रवासात दुसरे काहीच दिसले नसते, तरी आर्ब्रोथ पाहिल्याचे समाधान पुरले असते. मठाविषयीच्या त्या वर्णनात पत्राचे नावही नाही. त्याला दिसल्या त्या भिंती.

त्या भिंती आज पूर्वीपेक्षा थोड्या आहेत. धर्मसुधारणेनंतर मठाचे दगड गावाने घरांसाठी नेले, आणि लाल वालुकाश्म मऊ, खारा वारा तो कुरतडत राहतो. दक्षिणेकडच्या उंच भिंतीत एक मोठी गोल खिडकी मात्र टिकली. तिला ‘राउंड ओ’ म्हणतात. समुद्रावरून ती दिसते, आणि खलाशी तिच्यावरून बंदराचा अंदाज बांधत. ११ एप्रिल १९५१ रोजी वेदीच्या जागी स्कॉटलंडचा राज्याभिषेकाचा दगड सापडला. चार विद्यार्थ्यांनी तो नाताळात वेस्टमिन्स्टरमधून पळवला होता, आणि ध्वजात गुंडाळून इथे आणून ठेवला. त्यांना जागा कोणती निवडावी हे अचूक कळले होते. तो दगड लोकशाहीचा नव्हता. राज्याचा होता.

आणि पत्राचे झाले काय? पोपने १३२० च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या राजाला समेट करण्याविषयी लिहिले. तह व्हायला १३२८ उजाडले. मग स्कॉटलंडच्या राजांना पवित्र तेलाने अभिषेक करण्याची परवानगी पोपने दिली. सार्वभौम राजांनाच मिळणारा तो मान होता. त्या आज्ञापत्रावर तारीख आहे १३ जून १३२९. रॉबर्ट ब्रूस ७ जूनलाच वारला होता. ते तेल लागले ते १३३१ च्या नोव्हेंबरमध्ये, स्कून येथे, त्याच्या सात वर्षांच्या मुलाच्या मस्तकी.